कोऱ्या पाठीची विमानं

नाथा घरतचं नाव काढलं की माझं डोकं अजून तापतं. पद्मजा, म्हणजे आमची मंडळी, म्हणते, "ज्याच्यावर इतका जीव, त्याच्यावर इतका राग बरा नव्हे." बरा कसा नाही? सायरन बोंबलतोय, सगळं युनिट खंदकात उतरलंय, आणि हा बाबा भर उन्हात विमानाच्या पाठीवर बसून ब्रश मारतोय! ओरडून ओरडून माझा घसा बसला. तर वरून म्हणतो कसा, "भाऊ, जराच ऱ्हायलंय."

सांगतो सगळं. पण हा नाथा कोण आणि मी कोण, ते आधी सांगायला हवं.

मी विष्णु कर्णिक, रोह्याचा. घरात सगळे मास्तर, मी एकटाच वर्दीत गेलो. आमच्या धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस सलामी देतात ना, ती बघून लहानपणी वर्दीचं जे वेड लागलं ते हवाई दलात वॉरंट ऑफिसर होऊनच शांत झालं. आता हवाई दल म्हटलं की लोक विचारतात, "मग काय, विमान चालवायचात?" नाही हो. उभ्या आयुष्यात चालवलं नाही. आम्ही तळावरचे सपोर्टवाले. धावपट्टीवर रांगेनं चालत खडा न् खडा वेचायचा, टँकरनं इंधन पाजायचं, आगीचे बंब तयार ठेवायचे, जनरेटर चालू ठेवायचा, पाखरं हाकलायची, शेकडो माणसांचं जेवण रांधायचं, ही आमची कामं. विमान उडालं की टाळ्या वर जातात. खाली आमचा चहा गार झालेला असतो. तक्रार नाही, पण कोणीतरी सांगायला हवं म्हणून सांगतो.

नाथा त्याच युनिटात सुतार होता, हुद्द्यानं सार्जंट. गाव पेणजवळचं हमरापूर. आजा मिठागरावर राबलेला, त्याचंच नाव ह्याला ठेवलेलं. बाप दिनानाथ यांचा गणपतीचा कारखाना. परमुलखात महाराष्ट्रातली माणसं पुष्कळ भेटतात, पण पेण आणि रोहा म्हणजे एका ताटातले. पहिल्याच दिवशी मी त्याला डिवचलं, "पेणचे काय, देव विकून खाता." तर लगेच म्हणाला, "आनी रोह्याचे देवाचा पन भाव पाडून नेतात." तेव्हापासून आमचं जमलं. चारचौघांत तो मला सर म्हणायचा, दोघंच असलो की भाऊ.

त्या मे महिन्यात सरहद्द तापली तेव्हा नाथाच्या निवृत्तीला फार दिवस राहिले नव्हते. जुलैत घरी जायचं होतं. आणि घरी त्याची नुसती वाट बघत नव्हते, तो आल्याशिवाय त्यांचं पान हलत नव्हतं. कारण असं, की मूर्तीचं अंग कोणीही रंगवेल. पितांबर, शेला, दागिने बायका-पोरीसुद्धा सफाईनं करतात. पण डोळ्यांची आखणी हे एका हाताचं काम. श्वास रोखून केसाएवढी रेघ ओढायची. ती चुकली की गणपती रागावलेला तरी दिसतो नाहीतर झोपलेला. दिनानाथ घरतांचा हात त्या कामात नावाजलेला होता, पण काचबिंदूनं त्यांची नजर गेली. दुसरा तसा हात घरात एकच, नाथाचा. सुट्टीवर यायचा तेव्हा आधी आखणीला बसायचा, मग आंघोळीला जायचा.

त्याची बायको सगुणा कारखाना सांभाळायची. फोन आला की तिचं एकच, "अवो, बिनडोळ्यांचे गनपती रांगेनं बसवून ठेवलेत. कवा येताव?" नाथा तो उजवा हात असा जपायचा की पोरं हसायची. पाइप उचलताना, रंधा मारताना त्या हातात मोजा. कोणी हात मिळवायला पुढं आला तर डावा पुढं करायचा. मी चिडवलं तर म्हणायचा, "ह्या हातावर घर हाय, भाऊ."

तर असा तो हात.

आता लढाईचं. तळाचं नाव मी सांगणार नाही, तसा शब्द दिलेला आहे. एवढंच सांगतो की वाळवंटाचा मुलूख, सावली म्हणून नाही, आणि पलीकडून ड्रोन यायची. त्यांची रीत ठरलेली होती. आधी एक नुसतं बघायला यायचं. वर घिरट्या घालायचं, फोटो काढायचं आणि निघून जायचं. मग मारणारी यायची. पहिल्याला आम्ही 'पाहुणा' म्हणायचो. मुलगी बघायला आलेल्यासारखाच तो. बघून जायचा आणि नंतर कळवायचा.

खरी विमानं जाळीच्या छपराखाली लपवलेली होती. पोटात इंधन भरलेलं, कधीही उडवायला लागतील म्हणून. त्या छपराची जबाबदारी माझ्याकडे. टँकरवाला प्रणित आणि बाकीची पोरं धरून आम्ही सगळे दिवसभर त्याच्याच अंगाला चिकटलेले. तिथं एक जरी पडलं असतं तरी आमची राख गोळा करायलाही कोणी उरलं नसतं.

म्हणून आमच्या सीओ मॅडमनी, म्हणजे युनिटच्या प्रमुखांनी, हुकूम काढला, खोटी विमानं उभी करा. पाहुण्यानं ती बघावी, आणि मारणाऱ्यानं ती मारावी. आमच्या छपरापासून दूर, मधल्या खंदकाच्या पलीकडे जागा ठरली. लाकूडकाम कोणाचं असं मॅडमनी विचारलं तेव्हा सगळ्यांनी नाथाकडे बोट दाखवलं.

आणि नाथा सुटला! पाइपांचा सांगाडा, त्यावर प्लायवूड, त्यावर ताणलेलं गोणपाट आणि वरून पीओपीचा हात. पोटात हीटर, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याला इंजिन गरम वाटावं. जेवायला बोलावलं तरी यायचा नाही. एक झालं, दुसरं झालं, तिसरंही उभं राहिलं. नाक असं घडवलं होतं की बघत राहावं. पायलटच्या काचेवर अशी झाक दिली होती की समोर उभं राहिलं तर विमान आपल्याकडे बघतंय असं वाटावं. पोरांनी त्या कोपऱ्याचं नावच हमरापूर ठेवलं. "कुठं चाललास?" "हमरापूरला." प्रणितनं तर एकदा चुकून तिथंच टँकर नेऊन लावला. मी म्हटलं, "अरे, काय पाजतोस त्याला, ऑइलपेंट?" त्या दिवसांत हसायला तेवढंच होतं.

हसणं दोनच दिवस टिकलं. पहिल्या दिवशी पाहुणा फिरकला नाही, दुसऱ्या दिवशी धुळीचं वादळ होतं. पाहुणा आला, त्याला काही दिसलं नसावं, तसाच गेला. तिसऱ्या दिवशी आभाळ पुसल्यासारखं स्वच्छ. सकाळी मॅडम म्हणाल्या, "आपणच एकदा वरून बघू." आमचंच छोटं ड्रोन उडवलं आणि आम्ही सगळे पडद्याभोवती जमलो.

पडद्यावर हमरापूर आलं.

समोरून नवरदेवासारखी नटलेली ती तीन विमानं वरून कशी दिसत होती सांगू? सपाट राखाडी फळ्या. खऱ्या विमानाच्या पाठीवर छद्मरंगाचे, म्हणजे जमिनीत मिसळून दिसावं असे पट्टे असतात, जोडाच्या रेघा असतात, खुणा, आकडे, तेलाचे डाग, धुराचा काळा ओघळ. इथं काही नाही. एक राखाडी हात फिरवलेला आणि झालं. शेंबड्या पोरानंही ओळखलं असतं.

माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. मॅडम शेजारी उभ्या आहेत ह्याचंही भान राहिलं नाही. "नाथा! हा काय गणपती आहे मखरात बसवायला? पाठ कुठाय ह्याची? बघणारा वरून येणार आहे, वरून! समोरून काय आरती ओवाळायला येतोय तो?"

नाथाचा चेहरा उतरला होता. तो पडद्याकडेच बघत राहिला. मग हळू म्हणाला, "पाठ नाय करत आमी."

"म्हणजे?"

"कारखान्यात पाठ नाय करत, सर. पाठ मखरात जाते. ती कोन बघतंय? एक हात मारायचा नि पुढं सरकायचा. रंग समोर घालायचा, असा बाबानं शिकवलेला. माझ्या मनातच नाय आला."

पोरवयापासून हाताला लागलेलं वळण ते. हमरापूर, जोहे, त्या सगळ्या पट्ट्यात मूर्ती अशाच होतात. समोरून लखलखीत, मागून साध्या. आणि आम्ही तरी काय, जो तो समोर उभा राहून वाहवा करत होता. चूक हसण्यासारखी होती, पण हसायला कोणी मोकळं नव्हतं. पाहुणा दुपारी यायचा. त्यानं आज ह्या कोऱ्या पाठी बघितल्या असत्या, तर खरी विमानं दुसरीकडे आहेत हे कळायला त्याला कितीसा वेळ? मग उरलं काय, तर आमचं छप्पर.

मॅडम आरडाओरडा करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "दुपारपर्यंत होईल?"

"व्हईल," नाथा म्हणाला.

"सायरन झाला की हातातलं टाकून खंदकात. काम अर्धं असलं तरी. कळलं?"

"हो, मॅडम." मी माझ्या कानांनी ऐकलंय. हो म्हणाला होता मेला.

वर चढू शकत होता तो एकटाच. प्लायवूड पातळ, दोन माणसांचा भार त्यानं पेलला नसता. पोरं खालून रंग कालवून देत होती, हा वर बसून पट्टे ओढत होता. ऊन असं की प्लायवूडवर हात टेकवत नव्हता. ओलं गोणपाट खाली घेऊन तो त्यावर सरकत सरकत पुढं जायचा. पहिलं झालं. आम्ही लगेच वरून बघितलं, आणि खरं सांगतो, छातीवरचा दगड जरा हलला. हुबेहूब! दुसरं झालं तेव्हा सूर्य डोक्यावरून कलला होता.

मी पाणी घेऊन गेलो. हमरापूर आणि आमचं छप्पर यांच्या मध्ये खंदक होता, हमरापूरहून हाक ऐकू येईल आणि छपरातलं इंधन पेटलं तर भडका पोचेल इतक्या अंतरावर. नाथा खाली उतरला आणि घटाघट पाणी प्यायला. उजव्या हातातला मोजा काढलेला होता, बारीक रेघ मोजा घालून ओढता येत नाही म्हणून. बोटांना फोड आले होते.

"भाऊ, एक सांगू? हे बाबाला सांगू नका. म्हातारा हसून हसून मरंल."

"हसतोय कसला? तुझ्या पाठीत घालेल."

"त्यांचाच शिक्षन हाय ना पन," असं म्हणून तो हसला आणि तिसऱ्यावर चढला. जाताना मी म्हटलं, "हाताला पाणी लाव आधी." त्यानं ऐकलं नाही.

तिसऱ्याची अर्धी पाठ झाली आणि सायरन झाला.

आम्ही पोरांना घेऊन खंदकात उड्या टाकल्या. प्रणित माझ्या शेजारी. मी डोकी मोजली. नाथा नव्हता. खंदकातून मान वर काढली तर तो तिथंच, विमानाच्या पाठीवर.

"नाथा! उतर! उतर खाली!"

"अर्धी कोरी हाय, भाऊ!" तो वळलाही नाही. "अशी दिसली तं तिन्ही ओळखंल!"

"ओळखू दे! तुला हुकूम आहे!"

"जराच ऱ्हायलंय!"

सर वगैरे गेलं उडत, सगळ्या युनिटासमोर भाऊ म्हणत होता. मी त्याला काय काय शिव्या घातल्या त्या इथं सांगण्यासारख्या नाहीत. प्रणित माझा पट्टा धरून बसला होता, नाहीतर मी बाहेरच पडलो असतो. शेवटी मला जे सुचलं ते ओरडलो.

"हात सांभाळ, मेल्या! डोळे कोण आखणार? गणपती वाट बघतायत तुझी!"

तेव्हा तो थांबला. ब्रश उचललेला तसाच राहिला. त्यानं आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. मग मान वळवून आमच्या छपराकडे बघितलं. मला वाटलं, उतरतोय. सुटलो!

त्यानं ब्रश रंगात बुडवला आणि परत कामाला लागला.

मग आवाज आला. माशी कानाशी फिरावी तसा, बारीक, न संपणारा. पाहुणा आला होता. अजून लांब होता, वाळूच्या टेकाडावर. नाथानं शेवटचा पट्टा ओढला, त्यावर काळा ओघळ उतरवला आणि ब्रश तोंडात धरून सरसर खाली उतरला. शिडी आडवी करून पंखाखाली ढकलली. डबेही ढकलले. आणि पळायची वेळ आली तेव्हा तो पळाला नाही. पळणारा माणूस वरून लगेच दिसतो. त्या विमानाच्याच पोटाखाली अंग आक्रसून बसून राहिला.

पाहुणा डोक्यावर आला. घिरटी घातली. पुन्हा घातली. मी धावीर महाराजांना हाक मारली, आठवतील त्या सगळ्या देवांना मारली. एक घिरटी तर आमच्या छपरावरून गेली. प्रणितनं डोळे मिटून घेतले. छपराची जाळी वाऱ्यानं हलत होती आणि मला वाटत होतं, आता ती उडणार आणि सगळं उघडं पडणार. तो परत फिरला. हमरापूरवर आला, थोडा खाली आला, आणि निघून गेला.

"आता ये!" मी ओरडलो. "नाथा, आता पळ!"

तो निघाला. पण ओणवं बसून पायांना मुंग्या आलेल्या, धड पळता येईना. लंगडत, हात हलवत येत होता. हसत होता. मला स्पष्ट दिसलं, हसत होता. खंदक चार पावलांवर आला आणि मारणारं आलं.

त्याचा आवाज सांगता येत नाही. जमीन खालून वर आली एवढंच आठवतं. मग धूळ, मग प्लायवूडच्या ढलप्या आभाळातून पडत राहिल्या. दुसरं पडलं, मग तिसरं. सगळी हमरापूरवर. आमच्या छपराला ओरखडासुद्धा नाही.

धूळ बसायच्या आत मी बाहेर होतो. नाथा खंदकाच्या काठाशी बसलेला सापडला. जिवंत. अंगावर सगळीकडे राखाडी रंग आणि पीओपीचा भुगा. डाव्या हातानं त्यानं उजवं मनगट धरलं होतं आणि बोटांमधून रक्त गळत होतं. त्याच्याच सांगाड्याच्या पाइपाचा तुकडा मनगटातून आरपार गेला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं.

"खरं वाटलं त्याला, भाऊ?"

"वाटलं," मी म्हटलं. "वाटलं रे गाढवा, वाटलं." आणि मी तिथंच मांडी घालून बसलो आणि मोठ्यानं रडलो. सगळी पोरं बघत होती. बघू देत.

लष्करी इस्पितळात डॉक्टरांनी हात वाचवला. बोटं मिटतील, पेला धरता येईल, सही करता येईल, असं म्हणाले. नाथानं विचारलं, "आनी बारीक काम?" डॉक्टर मराठी नव्हते, पण प्रश्न कळायला मराठी लागत नाही. ते म्हणाले, थोडी थरथर कायमची राहील. नाथानं मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवसांनी एकदम म्हणाला, "घरी मी सांगन. तुमी कोन बोलू नका."

सांगितलं मात्र नाहीच. सगुणाला फोनवर म्हणाला, हाताला जरा लागलंय, बरा होईल. जुलैत निवृत्त होऊन तो घरी गेला, आणि मला रजा मिळाल्यावर मी रोह्याहून निघालो. कोलाड, खांब, नागोठणं, वडखळ, सगळा रस्ता मला एकच प्रश्न होता, त्या कारखान्यात आता कोणत्या तोंडानं पाय ठेवायचा.

कारखान्यात शिरलो आणि आधी ते गणपतीच दिसले. फळ्यांवर, जमिनीवर, दाराच्या मागं, रांगाच्या रांगा. पितांबर झालेले, सोंड झालेली, मुकुट झालेले, आणि डोळ्यांच्या जागी नुसतं कोरं. सगळे नाथासाठी थांबलेले. दिनानाथकाका खुर्चीत बसले होते. सगुणा एका मूर्तीला शेला रंगवत होती. नाथा दारात उभा. घरी येऊन आठवडा झाला होता आणि आज बसतो, उद्या बसतो करत त्यानं अजून ब्रश धरला नव्हता.

सगुणानं मला पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "भाऊ, तुमी तरी खरा सांगा. हात किती गेलाय?"

मी नाथाकडे बघितलं. तो खाली बघत होता. मग तो पुढं आला, फिरत्या पाटावर एक मूर्ती घेतली, बारीक ब्रश उचलला आणि बसला. कारखान्यातल्या बाकीच्या बायकांनी हातातलं काम थांबवलं. कोणीतरी पंखाही बंद केला, आखणीच्या वेळी करतात तसा.

त्यानं श्वास रोखला. ब्रशचं टोक मूर्तीपाशी नेलं. टोक थरथरत होतं. त्यानं डाव्या हातानं मनगट दाबून धरलं. तरी थरथरत होतं. टेकवलं आणि रेघ ओढली. ती डोळ्याची रेघ नव्हतीच, कपाळावर वाकडीतिकडी गेलेली एक काळी ओळ होती.

सगुणानं तोंडावर पदर धरला.

"काय झाला?" दिनानाथकाकांनी विचारलं. त्यांना दिसत नव्हतं. "अरे बोला ना कोनतरी. काय झाला?"

मग मीच बोललो. नाथानं नको सांगितलेलं सगळं सांगितलं. खोटी विमानं, कोऱ्या पाठी, माझ्या शिव्या, पाहुणा, छपराखालची आम्ही माणसं. हसून हसून मरेल म्हणाला होता ना बापाबद्दल? म्हातारा हसला नाही. "पाठ करायची नाय, हे मीच शिकवलेला," एवढंच म्हणाला आणि खुर्चीतून उठला. चाचपडत पाटापाशी आला. ओलं फडकं मागून घेतलं आणि बोटानं चाचपून मूर्तीच्या कपाळावरची ती ओळ पुसून टाकली.

"सगुणा, इकडं ये गो. डोळ्यांना आता तू बस. तो सांगंल, तू ओढ."

"मी?" सगुणा म्हणाली. "मना नाय जमायचा, बाबा."

"जमंल. त्याला तरी कुठं पोटातून येत व्हता? मी सांगायचो, तो ओढायचा." मग म्हाताऱ्यानं पाटाला हात घातला आणि मूर्ती अर्धी फिरवली. कोरी पाठ नाथासमोर आली. "आनी तू ही बाजू कर. आजपासून आपल्याकडं पाठ कोरी जानार नाय."

नाथानं ब्रश बदलला, जाडा घेतला. डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले, आणि शेल्याचा मागचा पदर रंगवायला लागला.

त्या वर्षी आमचा गणपती मी तिथूनच आणला. डोळे सगुणाचे. जरा मोठे झालेत, पण बघणारे आहेत. पाठ नाथाची. शेला मागं पुरा उतरलेला, त्याला जरीचा काठ, आणि काठ थोडा हललेला. नाथा तो काठ खोडून परत करायला निघाला होता. मी म्हटलं, हात लावलास तर बघ.

आमच्या घरी मखरात आता गणपतीच्या मागं आरसा असतो. दरवर्षी पद्मजा कुरकुरते, "अहो, डेकोरेशन किती छान केलंय, त्यात हा दाढीचा आरसा कशाला?" येणारेजाणारेही विचारतात. मी त्यांना हाताला धरून बाजूला नेतो आणि म्हणतो, आरशात बघा, मागचा काठ बघा. "हो की, हललाय जरा," ते म्हणतात. "कारागिराचा हात हलतो वाटतं?"

हलतो. तो हात हलतो, म्हणून मी आरतीला उभा आहे.